किनुएबाईंच्या भिजवलेल्या कांड्या

नागाओकाच्या दंतवैद्यक कॉलेजात उंदरांच्या खोलीत शिरायचं म्हणजे नव्या नवरीलाही झाले नसतील इतके सोपस्कार. आधी बूट काढून चपला घाला. चार पावलांवर त्या काढून दुसऱ्या चपला घाला. मग अंगरखा, टोपी, मास्क, हातमोजे. शेवटी कपाटाएवढ्या एका खोक्यात उभं राहून चारी बाजूंनी वारा खा. इतकं होईपर्यंत कित्येक विद्यार्थी आपण आत कशाला आलो तेच विसरून जायचे. इगाराशी किनुएबाईंना मात्र हे सगळं डोळे मिटून जमायचं. आत शिरल्या शिरल्या मास्कमधून त्यांचा आवाज सुरू. "उठलात का रे? काय हा पसारा! रात्रभर लग्न होतं वाटतं कोणाचं!"

काम साधंच होतं. पिंजरे बदलायचे, ताजा भुसा पसरायचा, पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि वरच्या जाळीत खाद्याच्या कांड्या टाकायच्या. या कांड्या करंगळीएवढ्या जाड आणि दगडासारख्या टणक. उंदरांनी मागच्या पायांवर उभं राहायचं आणि जाळीच्या फटीतून त्या कुरतडून खायच्या, अशी सोय. खोलीभर दिवसरात्र कुरकुर, कुरकुर.

मागच्या रांगेतल्या पिंजऱ्यांतून मात्र ती कुरकुर जरा कमी यायची. ते उंदीर होन्मा चिहारुचे.

चिहारु शिकून दाताची डॉक्टर झालेली, पण दात सोडून जबड्याच्या मागे लागलेली. हाडाला 'वाढ' असं सांगणारा एक जनुक तिने उंदरांच्या जबड्यापुरता बंद करून ठेवला होता. एकाच वेतातली काही पिल्लं त्यामुळे धडधाकट निघायची, आणि काही अशी की हनुवटी कोणीतरी चोरून नेल्यासारखी. खालचा जबडा आखूड, वरचे दात पुढे. दातावर दात बसतच नसे. चिहारुचा स्वभाव असा की दाराला धक्का लागला तर ती दाराची माफी मागायची, आणि उंदराला टोचताना उंदराची. "सॉरी हं, सॉरी, झालंच, सॉरी." काझामा तिची नक्कल करायचा, पण ती करतानासुद्धा तो आधी दातांतून वारा आत ओढायचा. हा काझामा प्राणीघराचा प्रमुख. त्याला 'नाही' हा शब्द उच्चारताच येत नसे. कोणी काही मागितलं की तो मान वाकडी करून "स्स्स्स..." असा लांबलचक श्वास घ्यायचा, आणि समोरच्याने ओळखायचं की काम होणार नाही.

किनुएबाई या खोलीत आल्या त्या वर्षी चिहारुने त्यांना एक काच दाखवली होती. काचेवर पिल्लाचा जबडा. अख्खा जबडा तांदळाच्या दोन दाण्यांएवढा. हाड लाल रंगवलेलं, कूर्चा निळी. शेजारी दुसरा, आखूड जबडा.

"बघा ना, इगाराशी-सान! फरक डोळ्यांनी दिसतोय. जनुक नाही तर वाढ नाही. हे नीट कळलं ना, तर पुढे कधीतरी माणसाचं हाडसुद्धा असं वाढवता येईल. कधीतरी हं. मी म्हातारी झाल्यावर वगैरे. सॉरी."

किनुएबाईंनी तेव्हा "अरे वा, सुंदर" म्हटलं, जसं शेजारणीच्या नातवाला म्हणतात तसं. पुढच्याच हिवाळ्यात त्यांच्या नवऱ्याच्या, तोकुजींच्या, खालच्या जबड्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी उजवीकडचं हाड काढलं आणि पायातलं हाड कापून तिथे बसवलं. तेव्हापासून ते 'कधीतरी' किनुएबाईंनी मनात जपून ठेवलं. तोंडावर कधी आणलं नाही. पण चिहारुच्या रांगेतला भुसा त्या सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त पसरायच्या.

तोकुजी आयुष्यभर बर्फ हटवायची गाडी चालवणारा माणूस. बोलणं भरघोस, जेवण त्याहून भरघोस. आता ओठ एका बाजूला लोंबायचा आणि प, ब, म त्या बाजूने गळून जायचे.

"आज फण फेज?"

"आज पण पेज. मासा घातलाय त्यात."

"कुठेय हासा?"

"वाटलाय."

"हग तो हासा कसला? हाशाचा फोटो." आणि स्वतःच हसायचे, आणि हसल्यावर तोंड धरून बसायचे.

किनुएबाई रोज सकाळी मासा वाटायच्या, मुळा किसायच्या, तोफू कुस्करायच्या आणि मग कामावर जायच्या. रजा संपवून वसंतात त्या उंदरांच्या खोलीत परतल्या, तेव्हाही हाताला वाटलेल्या माशाचा वास येतच होता. मागच्या रांगेत एक पिल्लू जाळीखाली उभं होतं. नुकतंच आईपासून वेगळं केलेलं. कांडीला दात लावायचं, दात घसरायचे. परत लावायचं, परत घसरायचे. शेजारी त्याची भावंडं कुरकुर करत मजेत खात होती. पिल्लू दमून खाली बसलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा उभं राहिलं.

त्यांनी दोन कांड्या बशीत घेतल्या, बाटलीतलं पाणी ओतलं आणि बोटांनी कुस्करून बशी पिंजऱ्यात ठेवली. विचारबिचार काही नाही. घरी जे हात करून आले होते तेच इथे करत होते.

पिल्लू बशीत चारही पायांनी चढलं.

"हळू रे! सगळं तुझंच आहे." पण सगळं त्याचं नव्हतंच. भावंडं आली, आईचं शेपूट पकडल्यासारखी एकामागून एक, आणि पिंजराभर जेवणावळ बसली.

काझामाने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की खाद्य पोत्यातून निघेल तसंच द्यायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. म्हणून विद्यार्थी यायच्या आत किनुएबाई बशा उचलून धुऊन टाकायच्या. यात पाप आहे असं त्यांना वाटत नव्हतं. घरातल्या पथ्यावरच्या माणसाला सासूच्या नकळत गोड देतात, तेवढंच. एखाद्या पिंजऱ्यात द्यायच्या, एखाद्यात राहून जायचं. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी दुसरंच कोणी यायचं आणि ते नुसत्या कांड्या टाकून जायचं. पण आखूड जबड्याची पिल्लं आता मरत नव्हती. किनुएबाईंना मनातून वाटायचं, होन्मा-सानच्या कामाला आपला एवढा तरी हातभार.

दोन वर्षं अशी गेली. आणि चिहारु वाळत चालली.

पानं पिवळी व्हायच्या दिवसांत एकदा दुपारी ती बाहेरच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसलेली दिसली. डबा उघडलेलासुद्धा नव्हता. किनुएबाईंनी खिशातलं संत्रं काढून सोलायला घेतलं, कारण नुसतं शेजारी जाऊन बसायचं तर काहीतरी निमित्त हवं.

"इगाराशी-सान, मला वाटतं मी खोटारडी आहे."

"हे कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. कुरियामा सेन्सेई असं कधी म्हणत नाहीत. ते म्हणाले, 'कुतूहलाचा विषय आहे.'"

कुरियामा सेन्सेई म्हणजे चिहारुचे प्राध्यापक. पावसात छत्री उलटली तरी ते कुतूहलाचा विषय आहे म्हणत. चिहारुने त्यांचा आवाज काढला, घशातून, चष्म्यावरून बघत: "'पहिल्या वर्षी फरक एवढा मोठा. नंतर मात्र फरक जवळजवळ नाहीच. पहिल्या वर्षीची मोजमापं कोणी घेतली होती, होन्मा-सान? तुम्हीच ना? एकटीनेच?' सगळ्यांसमोर. आणि मग हसले. मी पण हसले."

"मग पुन्हा मोजायचं."

"मोजलं. किती वेळा मोजलं! धडधाकट पिल्लांचे जबडेसुद्धा लहान भरतायत. आखूडवाल्यांच्या जवळपास. जनुक चालू असून लहान! मग माझा जनुक करतो तरी काय? काहीच नाही? जानेवारीत प्रबंध द्यायचाय. त्यात काय लिहू? पहिल्या वर्षी मी आकडे रंगवले असं सगळ्यांना वाटतंय आणि मला ते खोटं पाडता येत नाही. सादो बेटावर बाबांचा दवाखाना आहे, जाईन परत. पण सगळे म्हणतील, ती होन्मा, ती आकडे बनवणारी."

किनुएबाईंनी तिला संत्र्याची फोड दिली. दुसरं काय देणार?

"पिल्लं तरी जगतायत ना आता? आधी किती मरायची," त्या म्हणाल्या.

"हो ना. तेपण विचित्रच," चिहारु म्हणाली आणि फोड तोंडात टाकून चावायची विसरली.

कॉलेजात दर शरद ऋतूत प्राण्यांसाठी पूजा असायची. प्राणीघराच्या मागे पिवळ्याधमक झाडाखाली एक उभा दगड होता, वर्षभरात कामी आलेल्या सगळ्या उंदीर-सशांच्या नावाचा. देवळातला भटजी यायचा, मंत्र म्हणायचा, प्राध्यापकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे काळ्या कपड्यांत ओळीने उभे राहायचे आणि एकेक जण उदबत्ती लावून वाकायचा. नैवेद्य मांडायचा मान दर वर्षी एकेका सेवकाचा. त्या वर्षी तो किनुएबाईंचा होता.

त्यांनी पांढरी शेवंती मांडली. पाण्याची वाटी ठेवली. सफरचंदाच्या फोडी सशांसाठी. आणि मधोमध उंदरांची बशी. सगळं नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. भटजीचं म्हणणं संपलं. कुरियामा सेन्सेई पुढे झाले, वाकले, मागे आले. त्यांच्यामागून काझामा गेला. वाकता वाकता त्याची मान वाकडी झाली आणि ओळीतल्या सगळ्यांना ऐकू आलं: "स्स्स्स..."

"इगाराशी-सान," तो कुजबुजला, पण त्याची कुजबुज म्हणजे स्टेशनावरची घोषणा, "पाऊस पडला का हो? कांड्यांचा लगदा झालाय."

सगळ्यांनी वर बघितलं. आभाळ धुतल्यासारखं निळं.

"नाही, नाही," किनुएबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात चक्क थोडा अभिमान होता. "भिजवल्यात. त्यांना अशाच आवडतात."

कोणीतरी हसलं. "केवढी माया!" मागून एक विद्यार्थिनी म्हणाली. काझामासुद्धा हसला. चिहारुची पाळी आली होती. ती उदबत्ती हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"कोणाला आवडतात, इगाराशी-सान?"

"सगळ्यांनाच. तुटून पडतात."

"माझ्या पिंजऱ्यांतल्यांनासुद्धा?"

"तुमच्यासाठीच तर..." आणि इथे किनुएबाई थांबल्या. चिहारुचा चेहरा बघून थांबल्या, पण आपण कशासाठी थांबलो ते अजून कळायचं होतं.

"सगळी खातात? धडधाकट भावंडंपण?"

"तीच तर आधी," किनुएबाई हळू म्हणाल्या.

उदबत्तीची राख चिहारुच्या काळ्या बाहीवर पडली. तिने उदबत्ती खोचली, हात जोडले, इतरांहून बराच जास्त वेळ वाकून राहिली. मग ती आत निघून गेली. दाराला धक्का लागला तरी माफी मागितली नाही.

ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही, आणि बोलली तेव्हा रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. खोलीबाहेरच्या बाकावर तिने किनुएबाईंना बसवलं आणि समजावून सांगितलं, जसं लहान मुलाला दात घासायला शिकवतात तसं. "जनुक हाक मारतो, इगाराशी-सान. पण हाडाने ओ द्यायची तर दातांनी काम करायला हवं. टणक खाल्लं की जबड्यावर जोर येतो, जोर आला की तो वाढतो. मऊ खाणाऱ्यांचा जबडा लहानच राहतो, जनुक कितीही चांगला असो. माझ्या धडधाकट पिल्लांनी चावलंच नाही. म्हणून ती आखूडवाल्यांसारखी दिसली. म्हणून फरक गेला."

"म्हणजे पहिल्या वर्षीचं..."

"खरं होतं."

"मग झालं तर! मी सांगते सेन्सेईंना. आत्ता सांगते. माझी चूक, माझीच..."

"कोणत्या पिंजऱ्यांना दिलंत? कोणत्या दिवशी?"

किनुएबाईंनी आठवून बघितलं. पहिलं पिल्लू आठवलं, त्याचे घसरणारे दात आठवले. मग सगळी पिल्लं एकमेकांत मिसळली. कधी या पिंजऱ्यात, कधी त्या. सुट्टीच्या दिवशी कोणालाच नाही. तोकुजींना ताप होता त्या आठवड्यात बहुतेक सगळ्यांना.

"आठवत नाही," त्या म्हणाल्या.

चिहारुने मान डोलावली. ती तेच उत्तर धरून चालली होती.

दुसऱ्या दिवशी कुरियामा सेन्सेईंच्या खोलीत किनुएबाई इतक्या खाली वाकल्या की टेबलाच्या कडेवरून त्यांचा फक्त अंबाडा दिसत होता. वर यायला तयारच नाहीत. सेन्सेई म्हणाले, "हा खरं तर कुतूहलाचा..." आणि पुढचा शब्द त्यांनी गिळला. चष्मा काढून पुसला. "होन्मा-सान, मी तुम्हाला जे विचारलं ते मागे घेतो. आम्हाला पटलं. पण प्रबंध तपासणाऱ्या बाहेरच्या लोकांना कसं पटवायचं? दोन वर्षांतलं एकही पिल्लू हिशोबात धरता येत नाही. पहिल्या वर्षीची एवढीशी मोजणी पुरत नाही. नव्याने उंदीर वाढवायचे, तर जानेवारीला..."

"होत नाही," चिहारु म्हणाली. "मी हिशोब केलाय. सॉरी."

"मुदत वाढवून मागितली तर?" किनुएबाई वाकलेल्याच, खालून बोलल्या.

"एकदा वाढवून झालीय," सेन्सेई म्हणाले.

किनुएबाई तिथून काझामाकडे गेल्या आणि म्हणाल्या, मला काढून टाका. काझामाने मान वाकडी केली. "स्स्स्स... इगाराशी-सान, थंडी येतेय. बर्फातून सकाळी सहाला येऊन भुसा बदलणारं कोण मिळणार मला? तुम्हाला काढलं तर ते उंदीर उपाशी मरतील. आता तुम्हीच सांगा." तेव्हा 'मग मला दुसऱ्या खोलीत तरी टाका' असं त्या म्हणाल्या. त्यावर त्याने आणखी लांब श्वास घेतला. शिक्षासुद्धा मिळेना.

घरी त्यांनी तोकुजींना सगळं सांगितलं. तोकुजी ऐकत बसले, लोंबणारा ओठ रुमालाने टिपत.

"हला विचारलं असतंस तर ही काय हणालो असतो? दे, हणालो असतो. फोर उफाशी दिसतंय, तर द्यायचं नाही?"

"पण त्या पोरीचं वाटोळं झालं ना हो!"

"झालं." रुमालाची घडी बदलून ते म्हणाले, "डॉक्टर हलाही तेच सांगतात. चावा, चावा, नाहीतर हाड धरणार नाही. दुखतं ग. दुखतं हणून चावत नाही. आणि तू फण वाटून देतेस, कारण हाझं तोंड वघवत नाही तुला."

किनुएबाईंनी खलबत्ता उचलून ओट्यावर ठेवला. मग विचारलं, "उद्या वाटू नको का?"

तोकुजींनी बराच विचार केला. "उद्या वाट," ते म्हणाले.

चिहारुने प्रबंध द्यायचा विचार सोडला. मार्चमध्ये सादोला जायचं ठरलं. जायच्या आधी मात्र एक शेवटचं वेत तिने पदरचा वेळ घालून वाढवायला घेतलं. प्रबंधासाठी नाही, छापण्यासाठी नाही. "मला स्वतःला एकदा बघायचंय," ती म्हणाली. "या वेळी फक्त कांड्या. काहीही झालं तरी."

"मी दुसऱ्या कोणाला सांगू का टाकायला?"

"दुसरं आहे कोण?"

बाहेर बर्फ साचलं होतं आणि रस्त्यावरचं बर्फ वितळवणाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यांची वाफ खिडकीपर्यंत येत होती, तेव्हा त्या वेतातली पिल्लं आईपासून वेगळी झाली. भावंडं मजेत कुरतडत होती, आणि त्यांचे जबडे या खेपेला नक्की भरणार हे मोजायच्या आधीच दिसत होतं. त्यांच्यात एक आखूड जबड्याचं होतं. सकाळी चिहारु त्याला तराजूवर ठेवायची. एका ठरलेल्या वजनाखाली गेलं की तिने त्याला शांतपणे झोपवायचं, हा नियम होता आणि तो दोघींनाही ठाऊक होता.

"कसं आहे?" किनुएबाईंनी विचारलं.

"कालच्यापेक्षा कमी."

"अजून वर आहे ना पण?"

"अजून आहे."

पिल्लू उभं राहिलं. पुढचे पाय जाळीला, तोंड वर. दात कांडीला लागले आणि घसरले. परत लागले, घसरले. तिसऱ्या खेपेला कणभर पीठ खाली पडलं, ते शेजारच्या धडधाकट भावाने खाल्लं.

"इगाराशी-सान, तुम्ही बाहेर जा हवं तर."

"आणि बाटल्या कोण भरणार?"

 मास्कच्या वर चिहारुचे डोळे पिल्लावर होते. पाण्याची भरलेली बाटली किनुएबाईंच्या समोरच फळीवर होती, आणि तिच्या शेजारी रिकामी बशी, सशांच्या खोलीतली, कोणीतरी इथे विसरून गेलेली. पिल्लू पुन्हा उभं राहायला लागलं. किनुएबाईंनी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरून ठेवले.